विहिरीवरचं कुणी आजारी नव्हतं

"ही नखं बघा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझा हात उचलून वर धरला.

एका हाताला सलाईन होतं. त्यांनी दुसरा उचलला. मनगटाला दोन बोटांनी धरून, मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तसा. समोर जिल्ह्याहून आलेले चार साहेब. एकाने नाकाला रुमाल लावलेला. खाटा भरल्या होत्या म्हणून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर पडले होते. पहाटेपासून जुलाब आणि उलट्या. साडी भरली होती. बदलायला दुसरी नव्हती. मला माझाच वास येत होता.

"धूत नाहीत, उकळत नाहीत, सांगितलेलं ऐकत नाहीत. मग साथ येणार नाही तर काय?"

माझ्या नखांच्या कडा काळ्यानिळ्या होत्या. तो रंग होता. मी रंगाच्या कारखान्यात भुकटी भरायचे, डब्यात. हातमोजे एकदा दिले होते, ते फाटल्यावर परत मिळाले नाहीत. साबणाने, राखेने, दगडाने घासलं तरी तो रंग नखातून जात नसे.

कौसामावशी माझ्या उशाशी बसली होती. तीच मला रिक्षात घालून घेऊन आली होती. ती म्हणाली, "सायब, त्यो रंग हाय. कारखान्यातला. घाण न्हाई."

"तुला विचारलं का?"

मावशी गप्प झाली. साहेबांनी माझी नखं बघितली. एकाने वहीत काहीतरी लिहिलं. डॉक्टरांनी हात सोडला, तो फरशीवर आपटला. मग ते पुढच्या गोधडीकडे गेले.

मी हात ओढून घेतला नाही. अंगात ताकद नव्हती असं मी पुढे लोकांना सांगायचे. ते खरं नाही. हात ओढण्याइतकी ताकद होती. मला वाटलं, शिकलेले लोक आहेत, म्हणतात तर असेल.

आमचा पाडा पूर्वेकडे, डोंगरात. पावसावरची थोडी जमीन. आश्रमशाळेत मी सातवीपर्यंत शिकले आणि दादा-वहिनीच्या मागे बोईसरला आले. कारखाने तेव्हा भराभर उठत होते. तिथेच सरावलीत एका चाळीत आमची खोली होती. त्या पावसाळ्यात दादा-वहिनी लावणीला गावी गेले होते, मी एकटी मागे राहिले होते. शेजारी कौसामावशी आणि तिचा नवरा नामदेवकाका. बीडकडचे. मावशीला मूलबाळ नव्हतं. ती मला पोरी म्हणायची, भाकरी थापली की एक माझ्या नावाची थापायची. आमची जात काय, पाडा कुठला, तिने कधी विचारलं नाही.

चाळीत पाणी दोन ठिकाणी मिळायचं. पुढच्या दोन ओळींसमोर मालकाने नळ आणला होता. रस्त्याच्या पाइपातून, नाल्यातून आडवा. सकाळी तासभर पाणी यायचं. मागच्या ओळीत उत्तरेकडचे सडे कामगार राहायचे. त्यांच्यामागे जुनी विहीर. नळावर भांडणं व्हायची, तरी बायका नळालाच उभ्या राहायच्या. नळाचं पाणी म्हणजे शहराचं पाणी. कौसामावशी मात्र विहिरीवर जायची. म्हणायची, "शिव्या खाऊन पानी भरायची सवय न्हाई मला."

नळाच्या पहिल्या बादलीला वास यायचा. ती आम्ही धुण्याला ठेवायचो. आणि पाणी सुटलं की नाल्यात, पाइपाच्या सांध्यापाशी, बुडबुडे यायचे. मी तिथे कपडे धुताना रोज बघायचे. पाणी सुटल्यावर जिथून बाहेर येतं, तिथूनच पाणी बंद झाल्यावर नाल्यातलं आत जात असणार. एवढं कळायला सातवी पुरेशी आहे.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडून आजूबाजूला पाहिलं. आमच्या चाळीतले अकराजण होते. सगळे पुढच्या ओळींतले. मागच्या ओळीतला एकही नाही.

सिस्टर सलाईन बदलायला आल्या. माकुणसार गावच्या होत्या, बोलायला कडक. मी म्हटलं, "सिस्टर, हे सगळे नळाचं पाणी पिणारे हायत. विहिरीवरचं कोनी नाय."

"डॉक्टर कोण? तू का ते?"

मी तोंड मिटलं.

त्याच दिवशी आरोग्य खात्याची माणसं चाळीत गेली. त्यांच्याजवळच्या कागदावर 'पाण्याचा स्रोत: विहीर' असं होतं, म्हणून विहिरीतच पावडर टाकली. भरपूर टाकली. फोटो काढला. नळाकडे कोणी बघितलंही नाही.

चौथ्या दिवशी मला सोडलं. मी भिंत धरत खोलीवर आले. कौसामावशीने पेज दिली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"इहिरीचं पानी घशाला लागतंय गं. पावडरीनं. दोन दिस झाले, आता मी बी नळाचंच भरते."

मी तांब्याकडे बघितलं.

मला माहीत होतं. मला तेव्हा सगळं माहीत होतं. मी एवढंच म्हटलं, "मावशी, उकळून पी हां." ती म्हणाली, "रॉकेल कुठं हाय एवढं?" आणि मी पुढे बोलले नाही. नळाचं पिऊ नको, असं स्वच्छ, ओरडून म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. आधी मावशीला गप्प केलं, मग मला. तिसऱ्यांदा माणूस स्वतःच गप्प बसतं. मी कोण सांगणारी, असं वाटलं. चूक ठरले तर परत हसतील, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. काकांनी आणि मी तिला त्याच व्हरांड्यात नेलं. सलाईन लावायला शीर सापडेना. सिस्टरांनी चार ठिकाणी टोचलं. मावशी एकदाच बोलली, "पोरी, चूल इझवली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

काका रडले नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला नळाचं पानी कधी आवडलं न्हाई."

तिसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात सभा ठेवली. आरोग्य सेवक घरोघर सांगून गेला की साथ हटवण्यासाठी लोकांचा सहभाग पाहिजे, बरे झालेले रुग्ण पाहिजेत. मला मुद्दाम बोलावलं, कारण मला सही करता येत होती. पुढे खुर्च्या. एकीवर डॉक्टर, एकीवर जिल्ह्याचे साहेब, एकीवर आमच्या चाळीचा मालक. आम्ही खाली, सतरंजीवर. सिस्टर दाराशी उभ्या.

साहेबांनी हात धुण्यावर भाषण केलं. मग मला पुढे बोलावलं आणि टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. टाईप केलेला.

"तू रुग्ण प्रतिनिधी. इथे सही कर."

मी कागद उचलला.

"वाचायची गरज नाही. तुमच्याच भल्याचं आहे."

मी वाचला. सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून. त्यात लिहिलं होतं: 'रुग्णांच्या अस्वच्छ सवयींमुळे व विहिरीचे दूषित पाणी न उकळता प्यायल्यामुळे साथ उद्भवली, हे आम्ही मान्य करतो.'

मी ते परत वाचलं. रुग्णांच्या. म्हणजे माझ्या. म्हणजे कौसामावशीच्या. राखेने रोज भांडी लखलखीत घासणारी, उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधी पाय धुणारी बाई. तिला मरून तीन दिवस झाले होते आणि तिच्या मरणाचा दोष तिच्याच नावावर लिहून, त्याखाली माझी सही मागत होते.

अशक्तपणा होता. भीती पण होती. मालक माझ्याकडे बघत होता, आणि माझी खोली त्याची होती.

"मी सही करनार नाय."

"का?"

"हे खोटं हाय. विहिरीवरचं कोनी आजारी नव्हतं."

डॉक्टर हसले. "आता ही आपल्याला शिकवणार." खुर्च्यांवरचे हसले. सतरंजीवरचेही दोघंचौघं हसले. सवयीने.

त्या वेळी आवाज चढला माझा. मी म्हटलं, "नळाचं पानी पिनारे पडले. विहिरीचं पिनारे उभे हायत. तुमी विहिरीत पावडर टाकली, ती वास मारायला लागली, म्हनून कौसामावशी नळावर गेली. आनि मेली. मी दवाखान्यात सिस्टरला सांगितलं व्हतं. इचारा त्यांना."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. सिस्टर खाली बघत होत्या.

"पुरावा काय?" साहेब म्हणाले.

मी सतरंजीकडे वळले. "जे जे दवाखान्यात पडून आले, त्यांनी उठा."

कोणी उठेना. मालक बसला होता ना समोर. मग मागून नामदेवकाका उठले. म्हणाले, "मी पडलो न्हाई. पर माझी पडली. तिच्या जागी मी उठतो." त्यांच्यानंतर एक बाई उठली. मग एक म्हातारा. मग बरेचजण.

आम्ही वर्गातून थेट चाळीत गेलो. साहेब आले नाहीत, त्यांची जीप निघून गेली. पण थोड्या वेळाने मागून सिस्टर आल्या. हातात दवाखान्याचं रजिस्टर. पदर खोचला आणि म्हणाल्या, "पहिल्या खोलीपासून सुरू करा."

आम्ही कोळशाचा तुकडा घेतला. दर दारात एकच विचारायचं: कोणी आजारी पडलं का, पाणी कुठलं. आजारी पडलं त्या दारावर फुली. पुढच्या दोन ओळींत दारं काळी होत गेली. एक खोली सोडून एक, कुठे सलग तीन. मागच्या ओळीत शिवपूजन नावाचा कामगार दारात उभा होता. तो म्हणाला, "हम तो कुएँ का ही पीते हैं बहन. पाउडर डाला तो रात भर रख के पिया. नल पे लाइन कौन लगाए?" त्याच्या पूर्ण ओळीत एक फुली नाही. कौसामावशीच्या दारावर फुली काढायला माझा हात उचलेना. ती काकांनी काढली.

सिस्टरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: नळ. आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी सुटायच्या आधी, आम्ही नळाभोवती उभे राहिलो. दवाखान्यातून उठून आलेली माणसं. काहींना उभंही राहवत नव्हतं, ती बादल्या पालथ्या घालून बसली. काकांनी तोटीत लाकडी खुंटी ठोकली आणि वरून सायकलची ट्यूब आवळली. मालक दोन माणसं घेऊन आला.

"नळ माझा आहे. काढा ते."

कोणी हललं नाही.

"खोल्या खाली करायला लावीन. एकेकाला."

मी नळाचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि म्हटलं, "करा. पन खोल्या खाली करायला आमी जित्ते रायलो पायजे."

मालकाच्या दोघांतला एक माणूस पुढे आला. त्याने माझा दंड धरला. तोपर्यंत मागच्या ओळीतले कामगार आले होते, ड्युटीला निघालेले, हातात डबे. ते आमच्यात येऊन उभे राहिले फक्त. त्या माणसाने माझा दंड सोडला. मग ते कामगार विहिरीवर गेले आणि सगळ्यांसाठी पाणी शेंदून ठेवलं. आम्ही ते लाकडं गोळा करून एका मोठ्या पातेल्यात उकळलं. दोन दिवस असंच चाललं. पाळ्या लावून, नळाला धरून.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. सिस्टरांनी त्यांच्या हातात रजिस्टर दिलं. मी त्यांना नाल्यावर नेलं. पाणी सुटलं. सांध्यापाशी बुडबुडे आले. घाणीच्या पाण्यात, टपटप टपटप. ते बघत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे आधी सांगायचं ना."

मी म्हटलं, "सांगितलं व्हतं. तुमी हात धरून वर केला, तेव्हा माझं तोंड पन माझ्याजवळच व्हतं. इचारायचं व्हतं."

त्यांनी पाइप तोडायचा हुकूम दिला. नवा पाइप नाल्यावरून, उंचावरून आला. त्यानंतर त्या पावसाळ्यात आमच्या चाळीतून कोणी दवाखान्यात गेलं नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. संपली नाही.

दिवाळीनंतर सिस्टर खोलीवर आल्या. पदराखालून एक कागद काढला. साथीच्या अहवालाची नक्कल. त्यात पाइपाचा उल्लेख नव्हता. साथ का आली, तर तीच ओळ, जशीच्या तशी. रुग्णांच्या अस्वच्छ सवयींमुळे. आणि शेवटी, 'स्थानिक रुग्णांच्या सहभागाने साथ आटोक्यात आणली', असं लिहून पहिलं नाव माझं घातलेलं. सही नव्हती, तरी नाव होतं.

मी तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेले. कारकून म्हणाला, "बाई, वर गेलं ते आता. तुमचं नाव आलंय ना चांगलं, मग काय तक्रार?" मी म्हटलं, माझं नाव काढा आणि ती ओळ काढा. त्याने अर्ज ठेवून घेतला. पोच दिली नाही. पुढच्या वेळी मी पोच घेतल्याशिवाय उठले नाही. मग जिल्ह्याला गेले. सुट्टी टाकून, कधी काकांना घेऊन, कधी एकटी. साहेब बदलले. खुर्च्या बदलल्या. ती ओळ तिथेच आहे.

आता मला आरोग्याच्या सभांना बोलावतात. मी जाते. सतरंजीवर बसत नाही. खुर्ची नसेल तर उभी राहते, आणि मी उभी आहे तोवर कोणालाही बसून बोलू देत नाही. कागद पुढे आला की मोठ्याने वाचते, सगळ्यांना ऐकू जाईल असा. वाचल्याशिवाय सही नाही. आमच्या माणसांना विचारल्याशिवाय लिहिलेल्या कागदावर तर नाहीच.

कौसामावशी, म्हणजे कागदावरची कौसल्याबाई, तिच्या सवयींनी मेली नाही. तिला मारलं न विचारण्याने. हे सरकारच्या कागदावर, सरकारच्या शिक्क्याखाली लिहून घेतल्याशिवाय मी थांबणार नाही. येत्या सोमवारी परत जाणार आहे. अर्ज लिहून झालाय.