पुढची तारीख

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं ठाऊक नाही—ऐका, एवढंच.

दिंडोरीच्या अलीकडे माझा आणि युसुफभाईंचा बांधाला बांध. सरकारने रस्त्यासाठी दोघांचीही जमीन घेतली. त्यांची तर विहीरही गेली. वाढीव मोबदला द्या, असा हायकोर्टाचा हुकूम झाला, तरी पैसे येईनात. तेव्हा वकील म्हणाले, हुकूम मोडला म्हणून कोर्टाच्या अवमानाचा अर्ज करा, दोघांनी वेगवेगळा. मीच शहाणपणा केला—दुहेरी खर्च कशाला, माझा अर्ज लागला की दोघांचंही निघेल. युसुफभाईंनी मान डोलावली. त्यांचा माझ्यावर फार विश्वास. अजूनही आहे, हेच तर.

अवमान म्हटलं की साहेबलोक घाबरतात. सुनावणीच्या आदल्या दिवशी पैसे खात्यात आले. फक्त माझे. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, आता काही तक्रार आहे का? युसुफभाईंचं नाव घ्यायला किती वेळ लागला असता? पण घोळ झाला आणि माझेही परत गेले तर—या भीतीने मी म्हणालो, नाही.

बाहेर वकिलांनी बजावलं, त्यांचा अर्ज वर्षाच्या आत टाका, नंतर घेणार नाहीत. म्हणजे वेळ होता. नुसतं सांगायचं होतं. पण गावात उतरलो तर युसुफभाई स्टँडवर वाट बघत उभे. काय झालं, म्हणताच तोंडातून निघून गेलं—पुढची तारीख पडली.

वर्ष तसंच गेलं, अर्जाची मुदतही संपली. मुंबईला म्हणून निघायचो आणि नाशिकच्या स्टँडवर दिवसभर बाकड्यावर बसून परत यायचो. कुणाशी बोलणार? पूर्वी आम्ही बांधावर मिळून भाकरी खायचो. आता ते दिसले की मी मोटर बघायला जातो.

घराला स्लॅब टाकला, तेव्हा कर्ज काढलं म्हणून सांगितलं. युसुफभाई हल्ली दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत छाटणीला जातात. तरी मला म्हणाले, “आण्णा, हप्ता जड गेला तं सांग. आमी हाय ना.” मला माझीच किळस आली. तेव्हाही बोललो नाही.

परवा युसुफभाई फाटकापाशी भेटले. त्यांनी काही विचारलंही नव्हतं. मीच म्हणालो—पुढच्या महिन्यात तारीख आहे.