जेवणारी भिंत

आमच्या घरात येणारं पाणी मी मोजतो. गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपवर एक छोटा मीटर बसवून घेतला आहे. रोज सकाळी त्याचा आकडा एका वहीत लिहितो. ही वही जिन्यालगतच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असायची. बायको तिला 'तुमची पोथी' म्हणते. बायको लोणी गावची आहे, तिथं पाणी विहिरीत किती हात खाली गेलं एवढंच मोजतात आणि तेवढ्यावर त्यांचं उत्तम चालतं.

जुन्नरमधलं आमचं घर आणि शेजारच्या शेठचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तिच्या आमच्या अंगाला जिना, त्यांच्या अंगाला त्यांचं स्वयंपाकघर. आमचं स्वयंपाकघर मात्र वरच्या मजल्यावर. शेठचं बियाण्यांचं दुकान आहे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. आता शेठ माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. कुटुंब जैन, त्यामुळे कांदा, लसूण, बटाटा त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. आमच्या घरात कांदा-लसणाशिवाय पान हलत नाही. मधल्या भिंतीच्या जोरावर बावीस वर्षं दोन्ही घरं सुखात होती.

पावसाळ्यात एका रविवारी शेठ आले आणि संकोचून म्हणाले, "भाऊ, जरा भिंत बघता का?"

ओट्याच्या वरच्या बाजूला ओल आली होती. मी टेप आणला होता. उंची साडेतीन फूट, रुंदी दोन फूट, आकार साधारण पपईचा. पोपडे सुटले होते. शेठ म्हणाले, "तुमचा एखादा पाइप तर फुटला नसेल?"

घाई त्यांनाही नव्हती आणि मलाही नसती. पण शेठच्या पत्नी, म्हणजे आमच्या भाभी, त्या वर्षी पर्युषणात अठाई करणार होत्या. आठ दिवस अन्नाचा कण नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आदल्या वर्षी त्यांची अठाई राहिली होती आणि ती हुरहुर त्यांनी वर्षभर बाळगली होती. नवव्या दिवशी सकाळी पारणं. त्याच स्वयंपाकघरात, चार गावचे नातेवाईक येणार. त्याआधी भिंत कोरडी व्हायला हवी होती.

मी शास्त्रशुद्ध तपासणी केली. दुपारी तीन ते पाच घरातले सगळे नळ बंद. बायकोला सक्त ताकीद. तीन वाजता मीटरचा आकडा लिहिला, पाच वाजता पुन्हा पाहिला. तोच आकडा. दोन तासांत एक लिटरही गेलं नव्हतं. वही घेऊन शेठकडे गेलो आणि सांगितलं, "आमचा पाइप फुटलेला नाही. हा पुरावा."

"मग पाऊस असेल," शेठ म्हणाले.

मी गच्चीवर पाऊसही मोजतो. गेले चार दिवस कोरडे होते आणि ओल मात्र दोन इंच वाढली होती. म्हणजे पाऊस नाही. मग मी विचार करून म्हणालो, "तुम्ही रोज दहा-बारा लिटर पाणी उकळता. ती वाफ जाते कुठं?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी तर आमच्याकडे पणजोबांपासून उकळतायत, भाऊ." एवढं म्हणून ते दुकानाकडे निघाले. मला वाटलं, पटलं.

पर्युषण सुरू झालं. तिसऱ्या दिवशी भाभींनी मला बोलावलं. चेहरा उतरला होता पण आवाज खणखणीत होता. भिंतीजवळच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या, "बसा. वास घ्या."

मी वास घेतला. मला ओल्या चुन्याचा वास आला.

"तुम्हाला नाही येणार. तुम्ही त्यातलेच," त्या म्हणाल्या. "परवा तुमच्याकडे वांग्याचं भरीत होतं. काल मासवडी होती. आज सकाळी लसणाची चटणी कुटली आणि पाटा वरच धुतला. बरोबर?"

मी वर जाऊन बायकोला विचारलं. तिन्ही बरोबर.

"आणि आखाडात या भिंतीतून काय काय आलं," भाभी म्हणाल्या, "ते मी तोंडानं सांगणार नाही. तेव्हा मला वाटलं वारा आहे. आता पोटात काही नाही, तर नाक फार चालतं. माझा उपास चाललाय भाऊ, आणि भिंत रोज दोन वेळा जेवतीय."

मला वाईट वाटलं. पण तीन निरीक्षणांवर निष्कर्ष काढणं मला बरोबर वाटेना. भाभी आमची खिडकीही पाहू शकत होत्या. मी बायकोला म्हणालो, "आणखी एक चाचणी घ्यायला हवी. त्यांना न सांगता."

"उपाशी बाईची परीक्षा घेताय?" बायको म्हणाली. "अवो, लाज न्हाई का वाटत?"

म्हणून मी निरुपद्रवी वस्तू निवडली. चार वेलच्या कुटून लिटरभर गरम पाण्यात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते पाणी वरच्या सिंकमध्ये ओतलं. मग खाली जाऊन शेठशी बियाण्यांच्या भावाबद्दल बोलत बसलो. दहा चाळीसला आतून भाभींचा आवाज आला, "आज शिरा केलाय का हो त्यांच्याकडं?"

चारपैकी चार. मी सगळं कबूल केलं. भाभी म्हणाल्या, "मोठे परीक्षक आलात! चार दिवस झाले मला, आता गोडाची आठवण करून द्या."

त्याच दुपारी डिंगोरे गावचा प्लंबर आला. आमच्याच वयाचा, शांत माणूस. मी त्याला वही दाखवली. दोन तासांची नोंद, शून्य लिटर. त्यानं ती मन लावून वाचली.

"मीटर बराबर हाये, भाऊ," तो म्हणाला. "पर त्यो येणारं पाणी मोजतो. वापरून झालेलं पाणी जातं, त्याला कुठं मीटर लावलाय तुमी?"

आमच्या सिंकचं सांडपाणी त्याच भिंतीच्या पोटातल्या पाइपातून खाली उतरतं. मी दोन तास नळ बंद ठेवले होते, म्हणजे दोन तास त्या पाइपातून काही गेलंच नव्हतं. आकडा खरा होता. त्यावरून मी काढलेला अर्थ चुकीचा होता. माझ्या आयुष्यात हे कमी वेळा घडलं आहे, म्हणून नोंदवतो.

आमच्या बाजूला चार फुटांपर्यंत टाइल होती, त्यामुळे ओल आमच्याकडे न येता भाभींकडे गेली. प्लंबर जिन्यात उभा राहून भिंत बोटांनी ठोकत वर सरकत गेला आणि पाच फुटांवर थांबला. तिथं माझी वही टांगलेली होती. त्यानं वही उचलून माझ्या हातात दिली आणि खिळा निरखून पाहिला.

"ह्यो कोनी ठोकला?"

"मीच."

"केवढा हाये?"

"अडीच इंची." हे मला मोजावं लागत नाही.

"आन पाइप हाये दीड इंच आत," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता पक्कड शोधायला लागला.

खिळा ओढायच्या आधी त्यानं मला वर सांगायला लावलं की पाणी टाकू नका. मी जिन्यातून ओरडलो. वरून बायकोनं विचारलं, "किती वेळ?" मी म्हणालो, "दहा मिनिटं." खिळा गंजून पाइपात घट्ट बसला होता. प्लंबरनं भोवतीचं प्लॅस्टर फोडलं, पाइपाची लांब चीर दिसली, मग खिळा पकडीत धरून त्यानं सगळं अंग मागं टाकलं. खिळा निघाला आणि त्याच क्षणी वर भांडी धुतलेल्या पाण्याची अख्खी बादली सिंकमध्ये रिकामी झाली.

त्या चिरीतून पाणी असं उसळलं की प्लंबर तीन पायऱ्या खाली बसला. त्याच्या डोक्यावर कोथिंबीर होती. माझ्या हातातली वही भिजून निळी झाली. वरून बायको डोकावली.

"दहा मिनिटं म्हनला व्हता ना? अकरा झाली. मी घड्याळ लावूनच बसले व्हते."

"वयनी," प्लंबर डोळे पुसत म्हणाला, "ह्या घरात दोघंबी मोजत असाल तर आमाला जरा आधी सांगत जा."

नवा पाइप दुसऱ्या दिवशी भिंतीच्या बाहेरून घेतला. शेठकडचं खराब प्लॅस्टर खरवडून काढलं. आमचे दोन्ही टेबलफॅन त्यांच्या ओट्यावर गेले. पण वास भिंतीत मुरला होता आणि वासाला मीटर नाही. भाभींचं नाक हेच एक उपकरण. रोज संध्याकाळी मी जाऊन विचारायचो. सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "लसूण आहे." चुन्याचा एक हात दिला. सातव्या दिवशी म्हणाल्या, "आहे, पण लाजतोय." अजून एक हात दिला. आमच्या घरात त्या दिवसांत कांदा-लसूण चिरला नाही. कांद्याचं पोतं बायकोनं स्वतः उचलून गच्चीवर नेलं. मी पिवळं वरण आणि भात खात होतो आणि तक्रार करायचा अधिकार मला नव्हता.

आठवा दिवस संवत्सरीचा. दर वर्षी त्या संध्याकाळी शेठ हात जोडून आमच्याकडे येतात आणि म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. दर वर्षी मी आठवून पाहतो, एकही बाब सापडत नाही आणि मी "छे हो" म्हणतो. या वर्षी मी त्यांच्या आधी गेलो. खिशात कागद होता. त्यावर तीन बाबी होत्या. मी वाचून दाखवल्या. एक, भिंतीत काय आहे ते न बघता खिळा ठोकला. दोन, अर्धवट पुराव्यावर तुम्हाला खोटं ठरवलं. तीन, वाफेचा आरोप केला.

शेठ हात जोडून उभे राहिले. मग म्हणाले, "वेलचीचं राहिलं."

मी पेन काढून चार नंबर लिहिला.

सकाळी पारण्याला घर भरलं होतं. नातेवाईक एकेक करून भाभींना मुगाचं पाणी चमच्यानं देत होते. भिंत पांढरी होती, खालचा कोपरा अजून थोडा ओलसर. आम्ही दाराशीच थांबलो होतो. भाभींनी हातानंच सगळ्यांना थांबवलं. खुर्चीतून वळून त्यांनी भिंतीजवळ नाक नेलं. माझ्या बायकोनं माझी बाही धरली होती.

"काही नाही," भाभी म्हणाल्या. "नुसता चुना." मग आम्हाला बोटानं पुढं बोलावलं.

बायकोनं एक चमचा दिला. मी एक दिला. चमचा काठोकाठ भरला होता, अर्धं पाणी त्यांच्या पदरावर गेलं.

"भाऊ," त्या पदर झटकत म्हणाल्या, "आता घरी जा आणि मासवडी करा. आठवड्यात दोघंही वाळलात. पण पाटा अंगणात धुवा."