एकेक शब्दाला हुंकार

माझी शाळा तिसरीतच सुटली. तरी एकोडीच्या मारुतीच्या देवळात श्रावणातली पोथी मीच वाचतो, आणि तो मान मला कोणी दान दिलेला नाही. आधीच्या वाचकाच्या मांडीला मांडी लावून मी अक्षर जुळवायला शिकलो. धानाची काडी ओळीखाली धरायची, ओळ सरली की थांबायचं, समोरून 'हूं' आला की काडी खाली सरकवायची. हा हुंकार द्यायला आमच्याकडे एक माणूस ठरलेलं असतं. हुंकार आला नाही तर वाचणारा पुढे जात नाही. माझ्या पोथीला तो माझी विधवा वहिनी देते. तिला अक्षर येत नाही, पण मी ओळ गाळली की ती तोंड मिटून बसते आणि मला मुकाट्याने मागे जावं लागतं.

यंदा डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू. भंडाऱ्याला जाऊन ऑपरेशन करा म्हणून घरचे दोन वर्षं मागे लागले होते. मी गेलो नाही. डोळा माझा, त्याला चाकू लावायचा की नाही ते मी ठरवीन. धानाची रोवणी आटोपली, श्रावण लागला आणि पहिल्याच दुपारी दोन ओळी एकमेकींत मिसळल्या. मी आठवणीवर रेटून नेलं. वहिनी तीनदा गप्प बसली. लोकांनी पाहिलं.

संध्याकाळी तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, टॅबलेट घेऊन आला. साकोलीत त्याचं मोबाईलचं दुकान आहे.

"काकाजी, यात पोथी टाकून आणली. आता डोळ्याले तरास नाही."

पाटीएवढ्या काचेवर एकच शब्द. बोराएवढी अक्षरं, त्यातलं मधलं लाल. मी वाचेपर्यंत तो गेला, दुसरा आला, तोही गेला.

"बाकीची ओळ कुठं गेली?"

"ओळ नसतेच यात. डोळे हलवाचेच नाही. शब्द आपल्यापाशी येते. मी दिवसाले एक पुस्तक वाचून राहिलो."

"काल कोणतं वाचलं?"

"नवरा-बायकोचं होतं. नाही, भावाभावाचं. जमिनीचं भांडण."

"मंग जमीन कोणाले भेटली?"

तो डोकं खाजवायला लागला. "चांगलं होतं पण."

लग्नात जेवून आला, भाजी कशाची होती ते सांगता येत नाही, पण पंगतीतून सगळ्यांच्या आधी उठलो म्हणून छाती फुगवून फिरतो, अशातला हा प्रकार. डोळे हलवायचा एवढा कंटाळा असेल तर देवाने ते कायले दिले म्हणतो मी.

त्याने वेग कमी करून दिला. मग नळ गळावा तसा शब्द टपकायला लागला. पुढचा येईपर्यंत मागचा विसरायचा. रोवणीत बाईसुद्धा एका वेळी एकच रोप लावते, पण तिची नजर शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत असते. म्हणून तर धान रांगेत उभं राहतं. हे त्या काच बनवणाऱ्याला कोण सांगणार? तो धानाच्या बांधीत, चिखलात कधी उतरलाच नसेल.

"ठेव तुले," मी म्हटलं. "पोथी कागदावर वाचतात."

"कागद दिसते काय पण तुमाले?"

हे त्याने बरोबर विचारलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पंचांनी मला विचारलं नाही, सांगितलं: यंदा पुतण्या वाचेल. घरी बसलो असतो तर म्हातारा रुसला म्हणाले असते, म्हणून देवळात जाऊन खांबाला टेकलो.

त्याने चौरंगावर काच उभी केली आणि सुरू झाला. "राजा."

"हूं," वहिनी म्हणाली.

"वनात."

"हूं."

आवाज पडला की हुंकार द्यायचा ही तिची जन्माची सवय, आणि याचा आवाज दर शब्दाला पडत होता. त्याने वेग वाढवला, तिनेही वाढवला. एकाच उखळात दोन बाया धान कांडतात तसं मायलेकाचं चाललं. लोक पदर आणि दुपट्टे तोंडाला लावून हसत होते.

"माय, मधात मधात हूं काहून करतेस?"

"तूच एक एक शब्द फेकून राहिला. मले काय मालूम ओळ कुठं सरली?"

हे दोघं बोलत होते तोवर काच थांबली नव्हती. राजा वनातून कुठल्या कुठं निघून गेला. पुतण्या बोटाने त्याला मागे ओढायला लागला, पण नेमकी जागा सापडेना. वहिनीने तोंड मिटलं. पोथी अडली.

मग ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, कुठवर आलो होतो आपण?"

मी खांबाजवळूनच ओळ सांगितली.

"मंग या न इकडं. खांब कायले धरून बसले?"

मी जाऊन बसलो, पोथी उघडली, काडी धरली. कागदावर नुसता गढूळ चिखल. नऊ ओळी आठवणीने म्हटल्या, नऊ हुंकार आले. दहावी आठवली नाही. पोथी मिटली आणि जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "आज इथंच राहू द्या."

पायऱ्यांवर वहिनी हळूच म्हणाली, "डोळा करून या. मी हुंकार कोणाले देऊ? त्या काचेले?"

दोन दिवसांनी सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला गेलो. पुतण्या न बोलावता सोबत आला. दवाखान्यातली पोरगी भिंतीवरचं एकेक अक्षर काडीने दाखवायला लागली.

"बाई, ओळ दावा. वाचतो."

"आजोबा, आधी अक्षर तर दिसू द्या."

बाहेर आलो तेव्हा पुतण्या बाकावर काचेत डोकं घालून बसला होता.

"कोणतं पुस्तक?"

"दुसरं."

"कायचं आहे?"

त्याने काच पिशवीत टाकली.

ऑपरेशन झालं, आणि पोळ्याला चार दिवस उरले तेव्हा डॉक्टरने वाचायची परवानगी दिली. तोवर वहिनीने पोथीला कोणाचा हात लागू दिला नव्हता. काडी ठेवली तर ओळ दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध. दहावीच ओळ होती. वाचली आणि थांबलो.

हुंकार आला नाही. ओळ बरोबर होती, तिलाही ते ठाऊक होतं. दोन वर्षं ऐकलं नाही त्याचा राग होता तो. मीही काडी हलवली नाही. देऊळ भरलेलं, सगळे आमच्याकडे पाहत राहिले.

मग आला.