वाटपवाली द्वारका

आमची द्वारका रस्त्यात मध्येच थांबायची. मी लंगडत पुढे गेलेला असायचो. मागे वळून बघावं तर ही कोणाच्या तरी कुंपणापाशी नाक वर करून उभी.

"ह्येनी कांदो करपवल्यानी," म्हणायची. "आज जेवताना भांडान होतला."

"चल गो," मी म्हणायचो, "लोक काय म्हणतले!"

"लोक जेवतले. म्हणाक येळ खंय?"

असं तिचं होतं. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते तिला रस्त्यावरून कळायचं, आणि कळलं की ती गप्प राहायची नाही. माझी बायको म्हणून सांगत नाही, दिसायला ती काही खास नव्हती. ठेंगणी, काळी, दात जरा पुढे. पण तिने वाटलेलं वाटप ज्याने खाल्लं तो दुसऱ्याच्या घरी जेवताना गप्प व्हायचा.

वाटप म्हणजे वाटण. आमच्याकडे त्याच्याशिवाय चूल पेटत नाही. माशाला ओल्या खोबऱ्याचं, कोंबडीला नि काळ्या वाटाण्याच्या उसळीला भाजलेल्या खोबऱ्याचं. प्रत्येक बाई आपलं आपण वाटते. ते कोणी विकत घेतं हे आमच्या कसाल गावात कोणी ऐकलेलं नव्हतं.

मी जन्मभर जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर काम केलं. एक दिवस चिरा पायावर बसला आणि पाय कामातून गेला. लंगड्या माणसाचं खाणीवर काय काम? मुंबईहून मुलगा आला. म्हणाला, "आबा, घर बंद करा नि माझ्याकडे चला." त्याचं काही चूक नव्हतं. आमच्या वाडीत निम्मी घरं बंदच आहेत. गणपतीला कुलूप निघतं, विसर्जन झालं की परत लागतं. द्वारका भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कुलूप लावचा तर लावा. मी आत रवतंय."

मुलगा हसला. मला हसू आलं नाही. ही बाई आत राहील, पण खाईल काय, ते मला दिसत नव्हतं. मुलाने थोडे दिवस बघतो म्हटलं आणि तो परत गेला.

लोक विचारतात, धंदा कसा सुरू केलात. आम्ही कुठे केला? आमच्या वाडीत ओरोसच्या ऑफिसात जाणारी एक बाई भाड्याने राहायची. एक दिवस सकाळी धावत आली. "काकी, मिक्सर बिघडला. पाहुणे यायचेत. एवढं वाटून द्याल?" द्वारकेने रगड्यावर वाटून दिलं. चार दिवसांनी परत मिक्सर बिघडला. परत आठवड्याने.

द्वारका म्हणाली, "गो बाय, तुझो मिक्सर आसा काय भूत-देवचार? सारखो बिघडता तो!"

ती बाई रडायलाच लागली. म्हणाली, "मिक्सर चांगला आहे काकी. मला वेळ नाही. आणि माझ्या हाताला चव नाही. सासूबाई आल्या की बोलतात." मग म्हणाली, "मी पैसे देईन, पण कोणाला सांगू नका."

झालं. हाच आमचा धंदा. एका बाईची लाज होती आणि माझा पाय मोडलेला होता.

तिने आपल्यासारखीच आणखी एक पाठवली, त्या दुसरीने तिसरी. सगळ्या मागच्या दाराने यायच्या, केळींच्या मधून. डबा पिशवीत, पिशवीत वर भाजी. कधी एकाच आळीतल्या दोघी न्हाणीपाशी समोरासमोर यायच्या. एक म्हणायची, कढीपत्ता न्यायला आले. दुसरी म्हणायची, मीपण. द्वारका दोघींना मूठ मूठ कढीपत्ता द्यायची, डबे नंतर. मला म्हणायची, "ह्यांच्या लाजेपायी माझा झाड बोडका झाला."

मी नारळ सोलायचो, खवायचो. त्याला पाय लागत नाहीत. शेजारची सुशी मदतीला यायची. तिला नवरा नाही, मूल नाही, तोंड मात्र आहे. तिघं मिळून पहाटेपासून बसायचो. घरात मीठ-मसाला येऊ लागला, आणि मुलाने फोनवर घर बंद करायचं विचारणं सोडलं.

मग एक म्हातारी आली. पुढच्या दाराने, काठी आपटत. नाव घेत नाही, ती अजून आहे. अंगणात उभी राहून म्हणाली, "द्वारके, माझी सून तुझ्याकडसून वाटप व्हरता काय?"

द्वारकेने हात पुसले. "माझ्याकडे कोण येता, कोण जाता, ता मी बघणंय नाय. माझे डोळे रगड्यात असतत."

"खरा सांग!"

"ऱ्हव. च्या घेतलंस?"

म्हातारी चहा न घेता गेली आणि देवळात, लग्नात, दिसेल तिथे सांगत सुटली की द्वारका खवट नारळ घालते, शिळं वाटप विकते. आठ दिवसांत केळींतली वाट रिकामी झाली. मी म्हटलं, "जाऊन तिका सांग, तुझी सूनच व्हरता. तोंड बंद होतला." द्वारका माझ्याकडे असं बघत राहिली की मीच खाली बघितलं.

"त्या पोरीक घरात रवाचा आसा," म्हणाली. "माका धंदो होयो म्हणान तिचा घर मोडू?"

पुढे कितीतरी दिवस रगडा धुतलेला, कोरडा. मुलाचा फोन आला की ती दुसऱ्या खोलीत जायची, मला खोटं बोलता येत नाही म्हणून मीही कमी बोलायचो. तिला ठाऊक होतं, आता परत विचारलं तर सांगायला काही नाही.

एकदा आम्ही दोघं बाजारात गेलो. मी बांगडे घेत होतो. मासळीवालीशी घासाघीस चालली होती, आजूबाजूला दहा-बारा पुरुष, कोणी पोस्टातला, कोणी मास्तर, कोणी एसटीचा ड्रायव्हर. आमच्याकडे मासे पुरुषच आणतात. द्वारका आपली बघत उभी. घरी आलो. मग उंबऱ्यात बसून म्हणाली, "बाजार करतत बापये. लाज बायकांक. मग मी वाटप घेवन घरात कित्याक बसलंय?"

दुसऱ्या दिवशी तिने मासळीवालीच्या बाजूला पाट मांडला. सगळ्यांसमोर नारळ फोडायचा, सगळ्यांसमोर वाटप हुंगायला द्यायचं, म्हणजे शिळ्याची बोंब संपली. मासळीवाली कुरकुरली, "बस गो, पण हंय वास येता हां."

"वास तुझो येवंदे. चव माझी जावंदे."

पहिले दोन दिवस कोणी घेतलं नाही. सगळं घरी आणलं. तिसऱ्या दिवशी एसटीचा ड्रायव्हर थांबला. एकटा खोली करून राहणारा माणूस. "काकी, ह्या काय?"

"तुझ्या पिशयेतल्या बांगड्यांचा नशीब."

त्याने घेतलं. मग मास्तरांनी घेतलं. पुरुषाला कसली लाज? माशाबरोबर कोथिंबीर घेतो तसं वाटप घेतलं. हळूहळू घरच्या बायकाच नवऱ्याला सांगू लागल्या, येताना घेऊन या. म्हातारीचा मुलगाही घ्यायचा. काही महिन्यांनी तीच म्हातारी देवळात भेटली. द्वारकेला म्हणाली, "माझ्या सुनेचो हात आता बरो सुधारलो हां." द्वारकेने तिथे मान डोलावली. घरी येऊन मात्र खांबाला धरून हसली, हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं.

आता सगळे म्हणतात द्वारकेने नाव काढलं. काढलं असेल. धंदा केला की माणूस मालक होतो म्हणतात. आमच्या घरात मालक कोणी झाला नाही. खाणीवर निदान सुट्टीचा दिवस होता. इथे रविवार म्हणजे सगळ्यात मोठा मरणवार. सोमवारी लोक मासे खात नाहीत म्हणून सोमवारी तिची पाठ जरा सरळ व्हायची. मिरचीने तिचे हात सदा जळायचे. खोबरेल चोळून द्यायला गेलो तर म्हणायची, "ऱ्हवांदे. परत सकाळी तीच मिरची." मुलाने विजेचा ग्राइंडर पाठवला. रगडा सुटला, पण तेवढ्यात बाजारात मागणी वाढली. "दमलंस काय गो?" विचारलं की एकच उत्तर, "दमलंय म्हणान सांगू कोणाक? चुलीक?"

एक दिवस ती बाजारातच कोलमडली. म्हणजे पाटावर होती ती मागे भिंतीला टेकली. मासळीवालीला म्हणाली, "माका जरा बरा वाटणा नाय, गिऱ्हाईक बघ." गाडी करून तिला गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो. वाटेतच गेली. माझ्या मांडीवर डोकं होतं. मी तिला हाक मारत होतो, ड्रायव्हर गाडी हाकत होता. मग त्याने गाडी बाजूला घेतली.

दिवसकार्य झालं. मुलगा म्हणाला, "आबा, आता तरी चला." मी हो म्हटलं. कोणासाठी राहायचं? कपडे भरले. सुशी दारात आली.

"भावोजी, ग्रायंडर न्हेतास काय मुंबैक?"

"ना. तू घे."

"माझ्या घरात नळ नाय. हंयच बसतंय. तुमी नारळ खवा."

"माका जमाचा नाय आता."

"मगे कोणाक जमता? माका जमता काय? ती गेली तशी माझी भाकरीय गेली ना!"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी कपडे परत खुंटीला लावले. मन झालं म्हणून नाही. सुशीचं खरं होतं म्हणून.

तिने वाटप केलं, बाजारात नेलं. राहिलेल्याची बांगड्याची कढी करून मला वाढली. मी पहिला घास घेतला आणि हात थांबला. माशात घालतात ती तिरफळं जास्त. खोबरं भरड. मी काय गोड बोलणारा माणूस नव्हे. म्हटलं, "ह्या द्वारकेचा नाय."

सुशी समोर बसली होती. डोळे पुसले नाहीत, पदर सावरला नाही. म्हणाली, "मेल्या माणसाचो हात मी खंयसून हाडू, भावोजी? ह्यो माझो हात आसा. खावचा तर खावा."

मी जेवलो. सकाळी उठून नारळ सोलायला बसलो.