गुरांचा हौद कुणी भरला?

पोलिसांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता विसरलो. लातूरचं एक साधं पाणीचोरीचं प्रकरण मात्र मनातून जात नाही. त्याला कारण आरोपी नाही, मी आहे.

महापालिकेनं तेव्हा योजना काढली होती. जी हॉटेलं, लॉज, मंगल कार्यालयं पाण्याचा वापर कमी करून दाखवतील, त्यांना मालमत्ता करात सूट. आमच्या हद्दीत एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन कार्यालयं होती आणि त्यांचे मालक एकमेकांचे साडू. थोरल्याचं मंगल कार्यालय जुनं, धाकट्याचं 'लॉन्स' नवं. धाकट्यानं योजना ऐकली आणि सगळी हिरवळ उपटून टाकली. तिथं फरशी घातली, कडेनं कण्हेर, बोगनवेल लावली, ठिबक बसवलं. "लॉन्स हाय म्हणं, अन् लॉन कुठंय?" असं म्हणून थोरले साडू पंगतीत लोकांना हसवायचे. वर्षभरात धाकट्याला सूट मिळाली, वर आयुक्तांच्या हस्ते शाल-श्रीफळ. मग थोरल्यांचं हसणं बंद झालं.

दुसऱ्या वर्षी तपासणी तोंडावर आली आणि घोटाळा झाला. नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं. धाकट्याची जमिनीखालची टाकी आठही दिवस पुरायची, ती चौथ्याच दिवशी तळ दाखवू लागली. टाकी पुन्हा भरताना मीटर पळायचं. आवारात लग्न तर एकही नव्हतं. त्यानं ठाण्यात फिर्याद दिली. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"माळ्याला इचारा. गवत गेलं, त्याचं काम गेलं. त्योच पाणी इकून राहिला."

माळी मुखेडकडचा. बायको-मुलीसह तिथल्याच खोलीत राहायचा. खबर पटण्यासारखी होती. मी त्याला दोन दिवस सकाळपासून ठाण्यात बसवलं, दरडावलं, गोड बोललो. उत्तर एकच. "सायेब, म्या न्हाई. गवत मीच लावलं, मीच उपटलं. मालक म्हनले, झाडं सांभाळ. सांभाळून राहिलो." आणि मग हात जोडून, "लेकीची सोयरीक झालीय सायेब. चोराची लेक म्हनून मोडतील." असली रड मी रोज ऐकायचो. अटकेचे कागद करायला घेतले.

तेवढ्यात आमच्या हवालदार बाई टेबलापाशी आल्या. फारसं न बोलणाऱ्या. "साहेब, एवढं पाणी गेलं कुठं?"

"विकलं असेल!" मी खेकसलो.

"विकायला टँकर लागतो. आवारात चाकाची खूण नाही. सांडलं म्हणावं तर माती कोरडी आहे."

त्या मला कार्यालयांच्या मागच्या बोळात घेऊन गेल्या. ऐन एप्रिल, आणि तिथला गुरांचा हौद काठोकाठ भरलेला. एक म्हातारी म्हशींना पाणी पाजत होती. बाईंनी विचारलं, "आजी, हौद कोण भरतं?"

"ते थोरले शेट की. दुपारच्याला समदी निजली की साडूच्या टाकीच्या नळाला पाईप लावून, भिंतीवरून सोडून राहिलेत. लई पुण्यवान मानूस. देव त्यांचं भलं करो."

थोरले साडू पाव तासात कबूल झाले. "सासुरवाडीत पहिला आहेर मला असायचा, सायेब. मी थोरला जावई. यंदा तो शालवाला पाटावर आधी बसला. घरात बायको बी त्याचंच कौतुक सांगून राहिली. कसं सोसावं? म्हणलं, याची सूट जाऊ द्या." फोनही त्यांचाच होता. माळ्याचं नाव काढताच त्यांनी मान खाली घातली.

मी म्हणालो, "नळ नुसता उघडा सोडला असता, तर आम्ही तुमच्यापर्यंत पोचलोच नसतो."

त्यांनी माझ्याकडं वेड्याकडं पाहावं तसं पाहिलं. "पाणी सांडायचं? सायेब, दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय आम्ही!"

पुढं कोर्टात दोघा साडूंची तडजोड झाली. माळी मात्र कबुलीच्या दिवशीच सुटला. लेकीला घेऊन आला आणि माझे पाय धरले. "तुमी होते म्हनून, सायेब." हवालदार बाई शेजारीच उभ्या होत्या. बोट दाखवून 'यांच्यामुळं' एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "असू दे, असू दे."

खरं सांगतो, मी जळत होतो. माझी उभी हयात तपासात गेली, आणि भरलेला हौद दिसला तो बाईंना. वरिष्ठांना पाठवायचा अहवाल मी त्यांच्याच हातून लिहून घेतला, अक्षर चांगलं म्हणून. 'सदर बाब माझ्या निदर्शनास आली,' असं मी सांगितलं. त्यांचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, शुद्ध, सरळ ओळीत. प्रशंसापत्र मला मिळालं. ते अजून भिंतीवर आहे.

मत्सर माणसाला काय करायला लावतो, यावर मी त्या थोरल्या साडूंना ठाण्यात बसवून चांगलं सुनावलं होतं. आज वाटतं, त्यांच्या जळण्यातून निदान चार म्हशींची तहान तरी भागली.