फिरत्या खुर्चीत
विमान पडलं तेव्हा माझा भाऊ वाचला आणि पुढच्या जागेवर बसलेला मेकॅनिक गेला. आकाशात घरघर ऐकू आली की सगळं नाशिक गच्चीवर धावायचं, अशी दुसऱ्या महायुद्धाआधीची ती वर्षं. एका संस्थानिकाचं दोन माणसांचं विमान भाऊ चालवायचा. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, तरी तिसऱ्या रात्री हुकूम सुटला आणि हे दोघं निघाले. इगतपुरीच्या वर ढगात शिरले आणि भाताच्या खाचरात येऊन आदळले.

संस्थानच्या कचेरीनं ठरवून टाकलं, यंत्रात बिघाड. म्हणजे दोष मेकॅनिकचा. मालेगावात त्याच्या बायकोला लोक तोंडावर म्हणू लागले, तुझ्या नवऱ्यानंच काहीतरी सैल ठेवलं असणार.

भाऊ आमच्या घरी उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसला होता. मला म्हणाला, "ताई, सरकारी चौकशीवाल्यांना पत्र पाठवायचंय. मी सांगतो, तू लिही. यंत्र ठणठणीत होतं. विमान वळत वळत खाली चाललं होतं आणि मला वाटत होतं, सरळ चाललंय."

"मूग गिळून गप्प बस," मी म्हटलं. "लायसन जाईल तुझं. आणि वळलेलं कळत नाही म्हणे! पाळण्यातलं पोर आहेस का तू?" मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. असल्या सबबी ऐकल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तो वाद घालत बसला नाही. वडिलांच्या वकिलीच्या खोलीत फिरती खुर्ची होती, तिच्यात मला बसवलं. माझ्याकडूनच माझ्या डोळ्यांवर उपरणं बांधून घेतलं, पाय वर घ्यायला लावले आणि डाव्या हातानं खुर्ची हळूहळू, एका लयीत फिरवू लागला. पहिले फेरे कळले. मग कळेनासे झाले.

"थांबवलीस ना? उतरू?"

"थांबली नाही, ताई. फिरतेय अजून."

"मला शिकवू नकोस. मला कळत नाही का?"

आणि मी पाय खाली टाकला. तोल गेला तो थेट टेबलावर आदळले. उपरणं ओढून काढलं, तर रिकामी खुर्ची अजून फिरतच होती. गुडघा फुटला होता, पण मी बघत राहिले ती खुर्चीकडेच. ज्या अंगाच्या भरवशावर जन्मभर जिने चढले-उतरले, ते इतकं बिनदिक्कत खोटं बोललं होतं, आणि मी त्यावर शपथ घेतली असती. तेही दिवसाढवळ्या, रात्रभर छान झोपून उठल्यावर. मग ढगात, काळोखात, दोन रात्रींच्या जागरणानंतर? मला धडकीच भरली.

भाऊ मला उठवायला पुढे आला नाही. भिंतीला टेकून उभा होता.

"विमान वळतंय का ते दाखवणारा काटा असतो," तो म्हणाला. "आम्हा दोघांसमोर होता. मेकॅनिक बोलायच्या नळीतून ओरडून सांगत होता, साहेब, आपण वळतोय, काट्याकडे बघा. मी बघितलं आणि म्हटलं, काटा बिघडलाय. त्यानं पुन्हा सांगितलं. तेव्हा मी त्याला हेच म्हणालो, ताई. मला कळत नाही का."

मी दौत-टाक घेऊन बसले. लायसन जाणार हे दोघांनाही माहीत होतं.

"सांग," म्हटलं.

"मेकॅनिकनं मला दोनदा सावध केलं होतं," तो म्हणाला, आणि मी ते लिहिलं.