अक्कांची लांबलेली पूजा

त्या सकाळी ताडकळसच्या घरी अक्का पूजेला बसल्या आणि लगेच उठून बाहेर आल्या. कपाळावरचं भस्म अजून ओलं... आणि चेहरा पार उतरलेला.

"हात वरच जाईना झालाय गं," एवढंच म्हणाल्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी तेव्हा नवी नवरी, परभणीला बीएस्सी केलेली आणि जिथे तिथे प्रश्न विचारायची भारी खोड असलेली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं भिजत पडलं होतं, त्यापायी कधी एसटी बंद तर कधी बाजार बंद.

आमचं घर लिंगायत. पूजा म्हणजे गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं आणि एकटक बघत बसायचं. लग्न होऊन आल्यापासून अक्कांनी ही पूजा कधी चुकवली नव्हती... आणि आता डावा हात छातीच्या वर येत नव्हता.

काही वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवून दिली होती. आमच्या भागात असलं काही कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं, म्हणून घरात त्याचा विषयच निघायचा नाही.

त्या दिवशी अक्कांनी माझा हात धरून तिथे ठेवला. बापरे... लाकडासारखं कडक! जागा वर ओढली गेली होती, आणि नुसत्या स्पर्शानं त्या कळवळल्या. दोघींच्याही मनात एकच आलं... कॅन्सर परत आला?

थोरले दीर, आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, अक्का आणि मी असे आम्ही औरंगाबादला एका प्लॅस्टिक सर्जनकडे गेलो. दीर संकोचून बाहेरच थांबले. आत्याबाई आत कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागल्या.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, कॅन्सर परत आलेला नाही. अक्का रडल्या, मीही रडले. मग माझी खोड जागी झाली... गाठ नाही तर मग हे कडक झालंय काय?

डॉक्टरांनी न कंटाळता समजावलं. बाहेरची वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती स्वतःचा एक पापुद्रा विणतं. तो बहुतेकांचा मऊच राहतो, पण कुणाकुणाचा आवळत जातो. अक्कांचा इतका आवळला होता की खांदासुद्धा जखडला होता. ऑपरेशन करून तो काढायचा आणि नवी पिशवी बसवायची, म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, मुंबईला रोज मालिश करायला सांगितलं असेल ना? त्या काळी तसं सांगायचे. आता म्हणे डॉक्टरांचंच त्यावर एकमत नाही.

अक्कांनी मान खाली घातली. "सांगितलं व्हतं. पर घरात माणसं लय, सायेब. कुठं बसू चोळत? एका बी खोलीला कडी न्हाई आमच्या."

आत्याबाईंची डुलकी चालूच होती.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, गळ्यातलं सगळं काढा. अक्का हटून बसल्या, लिंग अंगावेगळं करणार नाही म्हणून. शेवटी सिस्टरनीच ते स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून उजव्या मनगटाला बांधलं, तेव्हा कुठे अक्का आत गेल्या.

नंतर मी डॉक्टरांना गळ घातली, काढलंय ते दाखवा ना. ते हसले आणि ट्रे मागवला. पांढरट, चिवट पापुद्रा, दुधाच्या जाड सायीसारखा. आणि शेजारी ती जुनी पिशवी. मी ग्लोव्ह घालून दाबून पाहिली... अगदी मऊ! इतकी वर्षं कडक होत गेलं होतं ते अक्कांचं स्वतःचंच शरीर. मला ते फार अजब वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

जखम भरल्यावर रोज मालिश आणि हाताचा व्यायाम करायला सांगितला होता. घरी येताना एसटीत मला तीच काळजी. घर तेच, माणसं तेवढीच... पुन्हा आवळलं तर?

आठवडाभरात आत्याबाईंनी सुताराला बोलावलं आणि देवखोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. का, असं दिरांनी विचारलं तर म्हणाल्या, "मांजर शिरतंय. नैवेद्याला तोंड लावतंय."

तेव्हापासून अक्कांची पूजा लांबली. कडी लावून त्या किती तरी वेळ आत असायच्या. कुणी दार वाजवायला गेलं की आत्याबाई अंगावर यायच्या, "थोरली ध्यानात हाय. उठवू नगासा!" गल्लीभर सांगायच्या, माझ्या सुनेसारखी पूजा कुणाची नाही.

मी एकदा अक्कांना हळूच विचारलं, देवासमोर हे सगळं करताना काही वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "त्येच्यापासून काय लपवायचंय? अंग बी त्येनंच दिल्यालं."

मग एका सकाळी आतून कडी निघाली आणि अक्कांनी मला हाक मारली. इष्टलिंग डाव्या तळहातावर, आणि तळहात थेट डोळ्यांसमोर... जरासुद्धा थरथरत नव्हता. मी दारातच उभी राहिले. माझ्या मागून आत्याबाईंनी डोकावून पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि दार हलकेच लोटून घेतलं.

आत्याबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आज अक्कांनी पंचाहत्तरी ओलांडलीय. सकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांची पूजा पाहिली आणि हे लिहावंसं वाटलं.

एक सांगायचं राहिलंच... आमच्या घरात मांजर कधीच नव्हतं.